निजलेल्या अंड्यांची राखण

नंदनवन वस्तीतल्या बळीरामभाऊंना कामाशिवाय फोन करणं ठाऊकच नव्हतं. जन्म गेला एसटीच्या डेपोत डिझेल इंजिनं उघडण्यात. बायको वारल्यावर घरात ते आणि लेक प्रीती. तीही म्हैसूरला गेली, रेशमाच्या किड्यांवर संशोधन करायला. तिचा फोन आला की हे म्हणायचे, "बरं हाय. ठेव." आता सांगा, अशा माणसाशी बोलायचं तरी काय!

दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिनं फ्रिजात एक डबी ठेवली. आत कागदावर चिकटलेली खसखशीएवढी अंडी.

"बाबा, हे झोपून आहेत. थंडीतच राहू द्या. भीमजयंतीले मी न्यायले येते."

"झोपून म्हणजे? मेले तर नाही न?"

"नाही जी. जरा जरा श्वास चालू असते, गाडी आयडलवर असल्यावानी. जागे झाले की मग भरपूर ऑक्सिजन लागते."

बळीरामभाऊंनी त्यातलं 'येते' तेवढं गाठीला बांधलं. पोरीला घरी यायला कारण होतं आणि ते कारण आपल्या फ्रिजात होतं. मग काय, दर रविवारी यांचाच फोन जाऊ लागला. "अंडे बरे हायेत. तू जेवली काय?" पहिल्या वाक्यामागून दुसरं निघायचं, मग तिसरंही. पोरगी खळखळून हसायची. फोन ठेवला की घर आणखीच खायला उठायचं.

त्याच फ्रिजात सुकट होती. तिचा वास अंड्यांना लागेल म्हणून म्हाताऱ्याचा जीव टांगणीला. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की गाडी जागची हलत नाही, हे ज्याच्या हाडीमाशी भिनलेलं, तो काय करणार? त्यांनी डबीच्या झाकणाला काळी टेप गुंडाळली, वर पिशवी, त्यावर पुन्हा टेप. सुईएवढी जागा ठेवली नाही. काम झकास झालं म्हणून स्वतःवरच खूश!

भीमजयंती तोंडावर आली तेव्हा त्यांनी फोनवर हे कौतुकानं सांगितलं.

"बाबा, उघडून पाहा बरं."

उघडली. आत ओल कोंडली होती, कागदावर पांढरी बुरशी. चष्मा लावून पाहिलं, तर अंडी चेपलेली.

"झोपले असले तरी थोडी हवा लागते न त्याइले," ती हळूच म्हणाली.

बळीरामभाऊंनी डबी ओट्यावर ठेवली. अरेरे! पोटच्या पोरीचा घरी यायचा रस्ता आपणच आपल्या हातानं बंद केला.

"मेले वं सारे. माह्याकडून मोठी चुकी झाली. आता तू काहून येशीन?"

"बाबा, ते कामाचे नव्हतेच," प्रीती म्हणाली. "लॅबमधले उरलेले होते, फेकायचेच. तुमच्याशी बोलायले काहीतरी पाहिजे होतं न मले. नाहीतर तुम्ही कधी फोन केला असता काय?"

आधी रागच आला त्यांना. इतके महिने जीव लावला, तो काय फेकायच्या मालाला! तोंडाशी शिवी आली आणि तिथंच विरघळली. अंड्यांची खबर द्यायची आता सोय नव्हती. पोरगी फोन ठेवेना, यांच्यानंही ठेववेना.

"प्रीती," शेवटी ते म्हणाले, "काही काम नाही वं. मले तुह्याबिगर करमत नाही. ये."