पाणी बसेपर्यंत

लिलीनं स्टुलावर चढून आणखी एक मेलेला काळुंदर मासा टाकीतून उचलला आणि केळीच्या बुंध्याशी पुरून टाकला. टाकीत आता एकच उरला.

टाकी बेनेडिक्टमामाची. बोटीवरची नोकरी सोडून तो सांडोरला परतला, तो ही काचेची पेटी घेऊनच. मुंबईत लोक तिकीट काढून मासे बघतात, मग आपल्या ओटीवर का नकोत, असं त्याचं म्हणणं. समुद्राचं पाणी पिंपांत भरून बैलगाडीतून आलं. पण रंगीत मासे त्यानं लगेच आणले नाहीत. नव्या पाण्यात नाजूक मासा तगत नाही. आधी खाडीतले चिवट काळुंदर सोडायचे. मरायचे ते मरतात, आणि त्यांच्यानंच पाणी बसतं, नाजुकांना मानवेल असं होतं. चिवटांनी मरावं आणि नाजुकांनी मिरवावं, वा रे न्याय!

लिलीही आणलेलीच. तिची आई, म्हणजे मामाची बहीण, वारली. तिकडे निर्मळ गावात बापानं दुसरी केली, आणि दुसरीला ही पोर डोळ्यांसमोर नको. इकडे तेरेसामामीचा पाळणा कित्येक वर्षं रिकामा. दुसऱ्याचं मूल घरात घेतलं की कूस उजवते, असं गावच्या बाया सांगत. म्हणून लिली आली, आणि खरंच मामीला दिवस गेले. पोरीचा पायगुण चांगला, असं जी ती म्हणायची. लिली फुलून जायची. आता या घरातून आपल्याला कोण काढतंय, असं तिला वाटे. बाळाची दुपटी तीच शिवत होती.

उरलेल्या काळुंदराला ती शितं टाकायची. तिचं बोट काचेला लागलं की तो तिथं यायचा.

मामीला नववा लागला आणि मामा मुंबईहून रंगीत मासे घेऊन आला. आल्या आल्या त्यानं लिलीला काळुंदर बाहेर काढायला सांगितलं.

"याला पन राहू दे ना, मामा."

"नव्यांना चावंल तो. त्याचं काम झालं, पानी बसलं."

खाडीत सोडून येते म्हणाली, तर मामीला हसूच आलं. जिता मासा हातात आलेला कोण सोडतं? शेवटी लिलीनंच तो जाळीत धरला आणि चुलीपाशी नेऊन दिला.

दुपारी तळलेला काळुंदर लिलीच्याच ताटात पडला. तूच खाऊ घातलंस, तूच खा, असं म्हणत मामी पोट सावरत समोर बसली. त्या दिवशी तिनं लिलीला भातही जास्त वाढला. बाळ आलं की दोन-दोन पोरांचं आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे तिनं अगदी मायेनं सांगितलं.

"उद्या बाबा येल तुझा न्यायला. फ्राक बांधून ठेवलेत."

ओटीवर मामा शेजाऱ्यांना रंगीत मासे दाखवत होता. लिलीनं ताटातल्या माशावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"मामी, पानी बसलं?"

पोरगी टाकीचंच विचारतेय, असं तेरेसाला वाटलं.

"कवाच बसलं," ती म्हणाली. "काटे बघून खा."