काचेवर काच

कारखान्याच्या भांडारात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना कामगार कुलूपराव म्हणत, आणि ते काही उगाच म्हणत नसत. भांडारात माल जाताना सगळ्यांना दिसे, बाहेर येताना मात्र क्वचितच कुणी पाहिला असेल. कुणी नवा पाना मागायला आला की कुलूपराव चष्म्यावरून बघत विचारत, "जुना कुठंय?" जुना दाखवला की म्हणत, "चालतोय की अजून!" आणि मोडलेलाच आणून टेबलावर ठेवला तर म्हणत, "बघू." या 'बघू'च्या पोटात किती अर्ज गडप झाले त्याला गणती नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी कपाटातून बावीस वर्षांपूर्वीचे हातमोजे निघाले, कोऱ्या वेष्टनातले, बोटं एकमेकांना कायमची चिकटलेली. साहेबांनी भाषणात याला 'काटेकोर जपणूक' म्हटलं. निरोपाच्या भाषणात माणूस दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यावर जपायला भांडार राहिलं नाही, म्हणून त्यांनी घर जपायला घेतलं. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. सोफ्यावर कव्हर, कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर, आणि चादर चुरगळू नये म्हणून पाहुण्यांना बसायला खुर्ची. मग मुलीनं नवा फोन पाठवला आणि कुलूपरावांच्या हाताला खरं काम मिळालं.

फोनवर त्यांनी पहिल्याच दिवशी संरक्षक काच बसवून घेतली. वर्षभरात तिच्यावर ओरखडा आला. दुकानदार म्हणाला, ही काढून नवी लावू. "फुटली नाही तर काढायची कशाला?" असं म्हणून त्यांनी दुसरी काच पहिलीच्या डोक्यावर चढवली. पुढे दुसरीचा कोपरा उडाला, तेव्हा तिच्या रक्षणासाठी तिसरी आली. फोन हळूहळू कमी ऐकू लागला. कुलूपराव बोट जास्त जोरात दाबू लागले. वय झालं की सगळ्यांचंच असं होतं, अशी ते फोनची बाजूही घेत.

मुलगी एकुलती एक, दुसऱ्या शहरात नोकरीला. तिनं स्वतःच नवरा पसंत केला होता. मुलगा सरळ, निर्व्यसनी, कष्टाळू. धंदा एवढाच, की उंच इमारतींच्या बाहेरच्या काचा तो दोरीला लटकून पुसायचा. हाताखाली सहा माणसं होती, पण तरी स्वतः लटकायचा. "अगं, माणूस दोरीला लटकतो!" एवढंच कुलूपराव बायकोला पुन्हा पुन्हा सांगत. नाही म्हणायला दुसरं कारण नव्हतं आणि हो म्हणायची सवय नव्हती. दोन वर्षं मुलगी विचारत होती आणि दोन वर्षं हे "बघू" म्हणत होते.

मागच्या रविवारी मुलीचा फोन आला. आवाज शांत होता, आणि कुलूपरावांना तोच अवघड गेला. ती म्हणाली, "बाबा, शनिवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल करते. हो की नाही, एवढंच सांगा. उचललाच नाहीत तर काय ते समजेन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही." मंगळवारी बायकोनं बॅग भरली. "मी चालले लेकीकडे. तुम्ही घर सांभाळा, तुम्हाला तेच जमतं," असं म्हणून ती निघाली.

तीन दिवस कुलूपरावांनी घर सांभाळलं. शुक्रवारी दुपारी एकाच ताटात वाढून घेऊन बसले, तेव्हा पलीकडची खुर्ची त्यांना खायला उठली. पोरीनं खरंच पुन्हा विचारलं नाही तर? घास तोंडातच राहिला. त्यांना भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. तिथंच, ताटावर, त्यांनी ठरवलं: हो म्हणायचं. ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं की त्यांनी आणखी भात वाढून घेतला.

आता एवढा महत्त्वाचा कॉल यायचा, तर फोन ठाकठीक नको का? शनिवारी सकाळी त्यांनी पदपथावरच्या फिरत्या विक्रेत्याकडून 'हातोडा मारला तरी फुटणार नाही' अशी चौथी काच आणली. ती नीट बसेना, म्हणून कडेनं गोंद सोडून पक्की चिकटवली. वर पारदर्शक पाकीट घातलं. सव्वातीनला सराव म्हणून फोन उघडायला गेले, तर बोट नुसतंच घसरत राहिलं. अंगठा झाला, मधलं बोट झालं, डावा हात झाला. फोन ढिम्म हलेना.

दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कळवावं म्हटलं, तर नंबर कुणाला पाठ? मुलीचा नंबर फोनच्या पोटात. बायकोचा त्यांनी कधी लिहूनच घेतला नव्हता. ती पस्तीस वर्षं शेजारच्या खोलीतच असायची. जुन्या डायरीत नंबर होते, पण त्यातली निम्मी माणसं आता कुठल्याच नंबरवर मिळण्यासारखी नव्हती.

शेवटी त्यांनी समोरच्या दारातल्या मास्तरांना हाक मारली. मास्तर चित्रकला शिकवत, पण निवृत्तीनंतर त्यांना सगळंच येऊ लागलं होतं. त्यांनी फोन उलटासुलटा केला आणि निदान केलं, "तुमचे हात कोरडे आहेत." कुलूपरावांनी हात धुतले. "आता ओले आहेत." हात पुसले. मग चष्म्याच्या फडक्यानं काच पुसून झाली, तळहात एकमेकांवर चोळून झाले.

"बंद करून चालू करू," मास्तर म्हणाले. "नव्वद टक्के आजार यानंच जातात."

बाजूचं बटण दाबून धरल्यावर फोन विझला, पुन्हा उजळला, आणि त्यानं चार आकडी गुप्त क्रमांक मागितला. क्रमांक दाबायचा कशानं? बोटानं. म्हणजे आता फोन नुसता बहिरा नव्हता, आतून कडीसुद्धा लावून बसला होता.

"उरलेल्या दहा टक्क्यांतला दिसतोय," मास्तर म्हणाले, आणि हार न मानता त्यांनी तांदळाचा डबा मागवला. "तांदूळ ओल शोषून घेतात."

"पण तो भिजलाच नाही हो."

"न भिजल्याची खात्री आहे तुम्हाला? हवेत ओल असतेच."

अशी वीस मिनिटं फोन तांदळात पुरून दोघं डब्याकडे बघत बसले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर डबाभर तांदूळ होते. फोन बाहेर काढला तेव्हा त्याच्या फटीत दोन दाणे अडकले होते, बाकी प्रकृतीत फरक नव्हता. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. कुलूपराव चप्पल अडकवून तडक निघाले. घराला कुलूप लावलं की नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आठवेना.

फोन दुरुस्तीचं दुकान म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या आणि शिंप्याच्या मधली एक फट होती. आत दिव्याखाली एक तरुण बाई डोळ्याला भिंग लावून बसली होती. पुढे तीन गिऱ्हाइकं होती. रांग मोडणाऱ्याला भांडारातून हाकलून देणारे कुलूपराव आज सरळ रांग मोडून पुढे घुसले आणि धापा टाकत म्हणाले, "ताई, पाच वाजता माझ्या मुलीचा फोन येणार आहे. उचलता आला नाही तर मुलगी गेली." गिऱ्हाइकं बाजूला सरली. दुरुस्तीवालीनं हात पुढे केला.

"पडला होता?"

"माझ्या हातून?" कुलूपरावांना एवढ्या घाईतही राग आला.

तिनं फोन आडवा धरून कडेनं पाहिला. मग भिंग काढून पाहिला. "काका, हा फोन आहे की कांदा?"

पाकीट निघालं. पातळ पट्टीनं कड सोडवत तिनं चौथी काच काढली, मग तिसरी. प्रत्येक काच निघताना कुलूपराव "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. दुसरी निघाली तेव्हा मागच्या गिऱ्हाइकानं मोजायला सुरुवात केली होती. पहिलीशी मात्र ती अडली. गोंद ओघळून थेट तिच्याखाली गेला होता.

"ही फोनच्या काचेलाच चिकटलीय. गरम करून उचलावी लागेल. फोनला तडा जाऊ शकतो. काढू?"

"ही एक राहू दे ना. एकीनं काय होतंय?"

तिनं त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं. काहीच झालं नाही. "काय होतंय ते बघा. काढू का?"

"बघू," कुलूपराव म्हणाले.

तिनं पट्टी खाली ठेवली. "काका, बघू म्हणजे हो की नाही? पाचला दहा कमी आहेत. तडा गेला तर मला बोलायचं नाही, हे आधी कबूल करा."

बत्तीस वर्षांत त्यांनी असल्या कागदावर सही केली नव्हती. तडा गेलेला फोन डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्या मागोमाग ती जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची आली.

"काढा," ते म्हणाले. "फुटला तर फुटला."

तिनं गरम हवेचं यंत्र फिरवलं, पट्टी सरकवली, आणि टक् असा आवाज झाला. फोनच्या काचेवर वरच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ तिरपी धावली. कुलूपरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पहिली काच निघून बाजूला पडली होती, आणि तिच्याखालचा एक पातळ पारदर्शक पडदा ती चिमट्यानं उचलत होती. तो फोनसोबतच आलेला होता. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, 'वापरण्यापूर्वी काढून टाका'. कुलूपराव इतकी वर्षं ते कंपनीचं नाव समजत होते.

त्यांनी क्रमांक दाबला. दाबावा लागलाच नाही, बोट टेकताच फोननं ऐकलं. पाच वाजले आणि फोन वाजला.

पडद्यावर मुलगी होती, मागे त्यांची बायको. मुलीनं तोंड उघडायच्या आत कुलूपराव ओरडले, "हो! माझं हो आहे! ऐकलंस ना? हो!"

मुलीनं आईकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "लग्न झालं. बुधवारी, नोंदणी करून. आई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

दुकानात सगळे दुसरीकडे बघू लागले. कुलूपरावांची कानशिलं तापली. माल आधी उचलला आणि मंजुरी मागायला आता आले! कारखान्यात खुद्द साहेबांनासुद्धा त्यांनी अशी कार्योत्तर मंजुरी कधी दिली नव्हती. लाल बटण समोरच होतं आणि आता नुसतं बोट टेकलं तरी पुरे होतं.

"मग मला विचारायचं तरी कशाला?" त्यांचा आवाज चिरकला. "माझ्या हो-नाहीला काय किंमत राहिली?"

"तुम्ही नाही म्हणालात तर लग्न मोडायला नको होतं मला," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण तुम्ही हो म्हणावं असं फार वाटत होतं. म्हणून झाल्यावर विचारलं. बुधवारपासून मी आजच्या पाच वाजण्याची वाट बघतेय, बाबा."

कुलूपरावांचं बोट लाल बटणावर अधांतरी राहिलं. मग त्यांनी तो हात खिशात घातला.

"आत्ताची बस धरली तर किती वाजता पोचेन?"

बायको पुढे सरसावली आणि फोनमध्ये डोळे घालून बघू लागली. "अहो, खरंच येताय? की बघू?"

त्यांनी मान हलवली. पण मान हलवलेली फोनमध्ये दिसते की नाही याचा काय नेम, म्हणून रडत रडतच ते पुन्हा म्हणाले, "येतोय गं. हो म्हटलं ना. येतोय."