उभी चिरलेली जमीन

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं आणि मान हलवली. "काका, आत जाईन हो, पण वळवू कुठे? आभाळात? आमच्या गावाकडे एकेकाच्या शेताच्या टोकापर्यंत नजर पोचत नाही. तुमचं हे शेत आहे की कापडाची चिंधी?"

म्हातारा हसला नाही. शेताच्या वरच्या अंगाला माती काळी, खालच्या अंगाला खडकाळ. कुणावर अन्याय नको म्हणून बापाने तिघा भावांना शेत उभं चिरून दिलं होतं. मधली पट्टी म्हाताऱ्याची. आजवर ट्रॅक्टर भावांच्या पट्ट्यांत वळायचा. यंदा दोघांनी आपापल्या पट्ट्या बागायतदाराला भाडेपट्ट्याने दिल्या आणि त्याने दोन्हीकडून तार ओढली.

जमिनीला वाफसा आला होता. ही ओल गेली की पेरणी गेली, आणि पेरणी गेली तर पट्टी ठेवून खायचं काय?

त्याने धाकट्याचं दार गाठलं. "एक दिवस तार काढायला सांग रे."

"दादा, माझ्या हातात काय आहे? आणि तू कुणासाठी ओढतोस एवढं? वहिनी होती तोवर ठीक होतं."

म्हातारा आल्या पावली परतला. बायको असताना दोघं मिळून नांगराशिवायही पट्टी खणायची. ती पुढे, तो मागे, आणि तिची बडबड चालू. त्याने कुदळ घेतली. दोन दिवस खणलं. तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की न खणलेल्या जमिनीवर कुदळ ठणठण वाजू लागली. निम्मी पट्टीसुद्धा झाली नव्हती. तो तिथेच मातीत बसला. बराच वेळ उठलाच नाही.

संध्याकाळी तो स्वतःच बागायतदाराच्या मुकादमाकडे गेला. "घ्या माझीही पट्टी."

"हे आधीच केलं असतं तर कंबर वाचली असती ना बाबा," मुकादम म्हणाला. "आमच्याकडे पाणी आहे, ओलीची वाट बघावी लागत नाही."

पुढच्या आठवड्यात तार निघाली, बांध मोडले. ट्रॅक्टर ऐटीत वळला. मुकादमाने म्हाताऱ्याला मजुरीला बोलावलं.

"येतो," म्हातारा म्हणाला, "पण मला दुसरीकडे लाव. आमच्या पट्टीत नको."

मुकादमाने समोर पाहिलं. त्याला खरंच कळेना.

"तुमची पट्टी म्हणजे यातली कुठली, बाबा?"

म्हाताऱ्याने दाखवायला हात वर केला, आणि तो तसाच राहिला.