घंटा बांधून ठेवलेले दिवस

आमच्या खुरसावाडीत कोणाला काही नडलं की तो चर्चमध्ये जातो, मग तो ख्रिश्चन असो नाहीतर आमच्यासारखा मासेमारी करणारा गाबीत. रक्तदाब मोजायचा, शिवण शिकायचं, नवरा-बायकोचं भांडण मिटवायचं, सगळ्याची सोय तिथेच. फादर ऑल्विन आल्यापासून प्रार्थनेपेक्षा शेवटच्या सूचनाच लांब चालतात, असं माझी सासू यमुनाबाई म्हणायची. तिने आत जाऊन प्रार्थना कधी ऐकली नव्हती, पण मत तिचं सगळ्यावर असायचं.

सासूचं नि माझं पटत नाही असं वाडीत बोलत. पटायचं. दोघींपैकी कोणी ते कबूल करत नव्हतं, एवढंच.

वाडी म्हणजे देवबागेसारखीच वाळूची पट्टी. इकडे समुद्र, तिकडे खाडी, मधे माड आणि आम्ही. गेल्या पावसाळ्यात समुद्राने माडांची पुढची रांग नेली, वर एका घराची पडवी नेली. तेव्हा सरकारी साहेब आले, फोटो काढून गेले. फादरनी मात्र समिती केली आणि नियम घालून दिला, की चर्चची मोठी घंटा न थांबता वाजू लागली तर हातातलं टाकून खाडीकडच्या शाळेत जायचं. शाळा उंचावर आहे. सराव झाला तेव्हा माझी सासू सगळ्यांच्या आधी शाळेत पोचली आणि मागून येणाऱ्यांना आळशी म्हणून मोकळी झाली. टीव्हीवर तिचा विश्वास नव्हता, मोबाइलवर नव्हता, पोटच्या पोरावर तर नव्हताच. घंटेवर होता.

आमचं घर समुद्राकडचं अगदी शेवटचं. दारासमोर चुन्याने रंगवलेला खुरीस आहे, म्हणजे क्रूस, आणि वाडीचं नाव त्याच्यावरूनच पडलं. गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेची मिरवणूक दर वर्षी तिथे थांबते. सासू लग्न होऊन आली तेव्हापासून त्या दिवशी खुरसाचा चौथरा धुवायची, त्याला अबोलीची वळेसर घालायची आणि मिरवणूक पुढे सरकेपर्यंत डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभी राहायची. एकदा कोणा पाहुण्याने विचारलं, हा तर ख्रिश्चनांचा देव ना. त्यावर ती म्हणाली, "देव कोणाचो, ता माका काय करूचा आसा? आमच्या दारात उबो आसा मां?"

आता यात अडचण एकच होती, आणि ती समितीत मी काढली. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून शनिवारी रात्री ईस्टर लागेपर्यंत चर्चची घंटा वाजत नाही. घंटा वाजवणारे इनासमामा तिचा दोर वर ओढून बांधून टाकतात. त्या दिवसांत घंटेऐवजी मात्राक वाजते. मात्राक म्हणजे लाकडाची फळी, तिला लोखंडी कड्या. हलवली की कड्या फळीवर आपटतात आणि हाडं मोडल्यासारखा कोरडा आवाज होतो. मिरवणुकीच्या पुढे तीच असते. मी विचारलं, त्या दिवसांत पाणी आलं तर काय करायचं?

सगळे हसले. एप्रिलात कसलं पाणी, असं म्हणाले. फक्त बेर्ता हसली नाही. चर्चमध्ये सूचना वाचते ती बेर्ता. तिने आठवण करून दिली की गुड फ्रायडे नेहमी पौर्णिमेला धरूनच येतो आणि पौर्णिमेला उधाण असतंच. फादर म्हणाले, वेळ आली तर खुशाल घंटा वाजवा, देव रागावणार नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पूर्वी कोणीतरी गुड फ्रायडेला घंटा वाजवली होती आणि त्याच संध्याकाळी होडी उलटली होती, असं वाडीत सांगतात. इनासमामा म्हणाले, माझे हात तोडा, पण त्या दिवशी दोर सोडायला सांगू नका. शेवटी तडजोड झाली. त्या दिवसांत पाणी वाढलं तर मात्राक वाजवायची.

गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बेर्ताने सगळं वाचून दाखवलं. गुरुवारी पाय धुण्याचा विधी. शुक्रवारी दुपारी तीनला क्रूसाची वाट, नंतर शाळेत सगळ्या वाडीला पेज. ईस्टरनंतर डोळ्यांची तपासणी, किनाऱ्याची सफाई, होड्यांना आशीर्वाद. अगदी शेवटी मात्राकीची सूचना. तोवर लोक चपला शोधायला लागले होते.

सासूला मी घरी येऊन सांगितलं. बुधवारी पुन्हा सांगितलं. ती सुक्या मासळीचं खारं निवडत होती. "होय गो, समाजला. म्हातारी झालंय, भैरी नाय," म्हणाली. एवढं ऐकल्यावर तिसऱ्यांदा सांगायची छाती कोणाची?

गुरुवारी संध्याकाळी इनासमामांनी दोर बांधला. एरवी दिवसातून तीनदा घंटा होते आणि आमच्या कानावरही पडत नाही. ती थांबली तेव्हा मात्र सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटू लागलं. मला तर रात्री जेवणाची वेळच कळली नाही.

शुक्रवारी सकाळी वाऱ्याचा पत्ता नव्हता. माडाची झावळी हलत नव्हती. ओहोटीला पाणी इतकं आत गेलं की एरवी कधी न दिसणारे खडक उघडे पडले. पर्यटकांची पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढत होती. भरती लागल्यावर मात्र लांबून संथ, जाड लाटा यायला लागल्या. त्यांना फेस नव्हता, आवाज नव्हता. माझा नवरा निलेश पर्यटकांच्या भाड्यासाठी पहाटेच मालवणला गेला होता. सासू पायरीवर बसून अबोली ओवत होती. समुद्राकडे बघून म्हणाली, "आज गप आसा गो. माका गप माणूस आवाडना नाय."

मला भीती वाटली. मी म्हटलं, माझ्याबरोबर शाळेत चल, पेजेला हात लाव. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला देव सोडून सिनेमाला बोलावलं होतं. अजून चौथरा धुवायचा होता, वळेसर पुरी व्हायची होती. मी एकटीच गेले.

शाळेच्या पडवीत बेर्ता आणि मी मोठ्या टोपात पेज ढवळत होतो. तीन वाजत आले होते. बेर्ताने सहज मान वर केली आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला. समुद्राकडून येणाऱ्या पाणंदीत पाणी होतं. लाट फुटून आलेलं नव्हे, नुसतंच वर चढत येणारं, एका दारातून दुसऱ्या दारात शिरणारं. तेवढ्यात चर्चकडून मात्राक वाजायला लागली.

फादरांची व्यवस्था चोख चालली, हे मान्य करायलाच हवं. माणसं लेकरांना काखोटीला मारून, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून शाळेत यायला लागली. त्या दुपारी वाडीतली एक बाई सोडून सगळी माणसं वाचली, ती त्या आवाजामुळेच. मी प्रत्येक चेहरा बघत होते. सराव झाला तेव्हा सगळ्यांच्या आधी आलेली माझी सासू अजून का येत नाही, हे मला कळेना. मग मात्राकीचा आवाज नीट कानात शिरला. आम्ही समितीत ठरवलं होतं की हा पाण्याचा आवाज. तिच्या कानाला मात्र तो जन्मभर मिरवणुकीचाच आवाज होता.

मी पळत सुटले. पाणी घोट्याला, मग पोटरीला लागलं. पाणंदीत पुढे इनासमामा होते. मात्राक वाजवत, ठेचकाळत समुद्राकडच्या घरांकडे निघाले होते. जसजसे ते पुढे जात होते तसतसा आवाज माझ्या सासूच्या जवळ जात होता. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "इनासमामा, वाजवू नको. ती थंयच उबी रवतली."

"पुढची घरा आसत गो," ते म्हणाले. "प्रितमची पोरा आसत."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि आणखी जोरात वाजवायला सुरुवात केली. त्यांचं बरोबर होतं. तरी त्या क्षणी त्यांना पाण्यात ढकलून द्यावंसं मला वाटलं. मी त्यांना मागे टाकून पुढे धावले. पाण्यात पाय उचलेना.

वळणावरून खुरीस दिसला. चौथरा धुतलेला होता आणि वर अबोलीची वळेसर होती. शेजारी माझी सासू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी होती. समुद्राकडे तिची पाठ होती. मिरवणूक यायची त्या वाटेकडे तिचं तोंड होतं. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. ते तिने पाहिलंच असेल, पण देव वाटेत असताना दार सोडून जाणारी ती नव्हती. तिच्या पाठीमागे पुढची लाट घराच्या कौलांवरून मला दिसली.

"आये, पळ," मी ओरडले. "पाणी इला. मिरवणूक नाय ती. पळ."

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर तोच जुना राग होता, सून चारचौघांत मोठ्याने बोलली की यायचा तसा. तिने एक हात सोडवला आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं.

मग तिने पुन्हा हात जोडले. माझ्या मागे मात्राक वाजतच होती.