सतरा मिनिटांचे गिअर

केंद्राकेंद्रांवरून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचं काम ती एकोणीस वर्षं सायकलवर करत होती. प्रयोगशाळा टेकडीवर. शेवटच्या चढाला तिचे गुडघे पूर्वी कुरकुरायचे, आता बोंब मारायचे. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा.

"गिअर बदला, ताई," सायकलमिस्त्री म्हणाला. "चेनसकट सगळा संच नवा. चढ जाणवणारही नाही."

त्याने किंमत सांगितली.

"अहो, एवढ्यात नवी सायकल येईल!"

"येईल. पण हिचा सांगाडा बघा, हाडाची पक्की आहे."

"हाडाची मीही पक्कीच होते," ती म्हणाली.

घरी नवरा शर्टांना काजं करत बसला होता. "घे की," तो म्हणाला. "मी शिलाईमशीन बदललं तेव्हा मागेपुढे पाहिलं का?"

"मशीन कमावतं तुमचं."

"आणि सायकल काय तुला हवा खायला नेते?"

तरी तिचं मन धजेना. शेवटी मिस्त्रीनेच तोडगा काढला. त्याच्या स्वतःच्या सायकलला तसाच संच होता. "आठवडाभर ही चालवा. नाही पटलं तर विषय संपला."

पहिल्याच दिवशी ती न उतरता चढ चढली आणि सतरा मिनिटं लवकर पोचली. नमुने देऊन पायरीवर बसली, बूट काढले. कितीतरी दिवसांनी तिला नुसतं बसायला मिळालं होतं.

चौथ्या दिवशी साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मावशी, हल्ली लवकर येता! मग नदीपलीकडचं केंद्रही तुम्हीच करा."

"आणि पगार?"

"बघू पुढच्या वर्षी."

दोन दिवस तिने तेही केंद्र केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला पलंगावरून उठवेना. नवऱ्याने हात धरून बसवलं, आणि तिला रडूच आलं.

"जास्त पळणाऱ्या बैलालाच जास्त ओझं," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिने मिस्त्रीची सायकल परत केली. साहेबांना सांगितलं, "ती सायकल उसनी होती. आता पुन्हा माझी जुनीच." साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण ते केंद्र दुसऱ्याला दिलं.

मग ती आपली सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेली. "म्हणजे पटलं नाही तर," तो म्हणाला.

"पटलं. बसवा. पण रंगबिंग लावू नका, धूळ तशीच राहू दे."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि पाना उचलला.

तेव्हापासून ती घरून सतरा मिनिटं उशिरा निघते आणि प्रयोगशाळेत ठरल्या वेळेला, ना आधी ना नंतर, पोचते. गुडघे काही पुरते बरे झाले नाहीत. मिस्त्रीचे पैसे फिटायला वर्ष जाईल. पण सकाळी नवऱ्याबरोबर बसून ती चहा पिते, गरम असतानाच.