मी रातवा नव्हे, टेबलफॅन

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. मी पक्षी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाचं मत वेगळं आहे, आणि ते मंडळ फार जाणकार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका माणसाने मला चालू करून बघितलं, माझी मान डावीकडे-उजवीकडे फिरवून घेतली आणि पाठीवर ‘पास’ अशी चिठ्ठी चिकटवली. आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा. मग एका लग्नात मी भेट म्हणून आलो. त्या लग्नात माझ्यासारखे आणखी दोन पंखे आले होते. ते पुढे दुसऱ्यांच्या लग्नांत गेले. मी राहिलो, कारण माझं खोकं फाटलं होतं.

त्या घरात मी उमेदीची वर्षं काढली. गरम दूध निववलं, ओले मोजे वाळवले, वीज गेली की शिव्या खाल्ल्या. घरातली मुलगी लहान होती तेव्हा माझ्या तोंडाशी येऊन ‘आऽऽऽ’ करायची आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून खिदळायची. पुढे ती माझ्याच वाऱ्यात अभ्यास करून इंजिनियर झाली आणि लांब नोकरीला गेली. तिच्याकडे आता एसी आहे. मी काही म्हटलेलं नाही.

वय झालं तसे अवयव गेले. वेगाचं बटण तुटलं, तिथे पेनचं टोपण बसवण्यात आलं. जाळीची एक तार निखळली, तिथे काहीच बसवण्यात आलं नाही. आणि हळूहळू माझ्या मानेतलं तेल सुकलं.

तेल सुकलेल्या पंख्याचं काय होतं ते सांगतो. उजवीकडे वळताना मान कण्हते, क्रीऽऽऽ. टोकाला पोचली की आत काहीतरी अडकतं आणि सुटतं, टुक्. मग डावीकडचा प्रवास मुकाट्याने, आणि पुन्हा क्रीऽऽऽ-टुक्. मित्रांनो, याचा अर्थ ‘तेल घाला’ असा आहे. दुसरा कुठलाही अर्थ नाही.

तेलाची बाटली त्याच खोलीत होती. समोर शिलाई मशीन, त्याच्या खणात. खण बिघडल्यामुळे कायम अर्धा उघडा. माझी मान उजवीकडे गेली की मला बाटली दिसायची. डावीकडे गेली की दिसेनाशी व्हायची. मी चालू असेपर्यंत माझं असं चालायचं.

घरातल्या बाई पक्षीनिरीक्षण मंडळाच्या चिटणीस. मंडळात त्यांना सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. हे मंडळ पूर्वी पहाटे तळ्यावर जायचं. मग अध्यक्षसाहेबांचा गुडघा गेला. अध्यक्षसाहेब म्हणजे निवृत्त बँक मॅनेजर. पक्षी दिसण्याआधीच त्यांना त्याचं नाव माहीत असतं. त्यांच्या गुडघ्यामागोमाग मंडळातले बाकीचे गुडघेही गेले. तेव्हा ताईंनी मार्ग काढला. शनिवारी संध्याकाळी लांबच्या एखाद्या अभ्यासकाला ऑनलाइन बोलवायचं, सभासदांनी घरबसल्या व्याख्यान ऐकायचं.

बोलायला सोपं आहे. पाहुणे शोधायच्या ताई. लिंक पाठवायच्या ताई. ‘लिंक आली नाही’ म्हणणाऱ्यांना पुन्हा पाठवायच्या ताई. ज्यांच्या घरात मिक्सर फिरतोय त्यांचा माईक बंद करायच्या ताई. ‘माझा आवाज येतोय का?’ असं सगळे एकदम विचारायचे, तेव्हा सगळ्यांना एकदम ‘येतोय’ म्हणायच्या त्याही ताईच. शेवटी सगळे म्हणायचे, “ताई, तुम्ही आहात म्हणून मंडळ आहे!” आणि निघून जायचे.

तरी माणसं गळत गेली. पाच उरली. त्यातले एक काका कॅमेऱ्यासमोर बसून झोपायचे. एकाचं नाव नुसतं ‘माझा फोन’ असं दिसायचं, तो कोण हे आजवर कळलेलं नाही.

एका शनिवारी ताई यजमानांना म्हणाल्या, “अहो, आजचं शेवटचं. आजही पाचच आले तर मंडळ बंद करते.”

यजमान म्हणाले, “तो पंखाही बंद कर मग. डोकं उठवलंय त्याने. भंगारात देऊन टाकू.”

ताईंनी ते ऐकलं नाही. तोवर त्यांनी कान झाकणारे मोठे हेडफोन चढवले होते; मंडळाच्या कामाला बसताना त्या ते चढवूनच मला चालू करायच्या. व्याख्यान सुरू असताना खोलीत कोणी यायचं नाही असा घरातला नियम होता, त्यामुळे यजमानही परत गेले. मला मात्र स्पष्ट ऐकू आलं. भंगार.

त्या दिवशीचे पाहुणे होते एक गवताळ रानांचे अभ्यासक. ते गवतावर बोलत होते. बराच वेळ बोलत होते. झोपणारे काका झोपले होते. ताईंनी काहीतरी विचारायला आपला माईक चालू केला, आणि पाहुणे वाक्याच्या मधेच थांबले.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “तुमच्या मागे आत्ता कोण बोललं?”

मित्रांनो, कॉम्प्युटरमध्ये म्हणे आवाज गाळायची सोय असते. तिने माझा घोंघाट तेवढा गाळला आणि कण्हणं पुढे पाठवलं. असला न्याय मी दुसरीकडे बघितलेला नाही.

“रातवा!” अध्यक्षसाहेब ओरडले. त्या ओरडण्याने काका जागे झाले.

रातवा हा संध्याकाळी बोलणारा पक्षी. दिसतो पाचोळ्यासारखा, आवाज यंत्रासारखा. म्हणजे अध्यक्षसाहेबांना आवाज यंत्रासारखा आहे इतपत कळलं होतं. तिथून ते यंत्राकडे जातील असं मला वाटलं. ते पक्ष्याकडे गेले.

“साधा रातवा नाही हा,” पाहुणे कुजबुजले. “शेवटचा तो टुक् ऐकलात? अशी साद मी कधीच ऐकलेली नाही. ताई, जरा खिडकीशी जाऊन ऐकता का?”

ताई उठल्या. आणि नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मला बंद केलं. मग हेडफोन काढले. खिडकीशी जाऊन कान दिला. बाहेर शांत.

“गप्प झाला हो,” त्या परत येऊन म्हणाल्या.

“लाजाळू आहे,” पाहुणे म्हणाले. “चाहूल लागली असणार.”

ताईंनी हेडफोन चढवले, उकडत होतं म्हणून मला चालू केलं, आणि पाचही जण एकसुरात किंचाळले, “बोलला!”

बातमी पसरली आणि पुढच्या शनिवारी पडदा चेहऱ्यांनी भरून गेला. दूरदूरच्या मंडळांची माणसं आली. कुठले कुठले पाहुणे येऊन बोलायचे, कुणी वटवाघळांवर, कुणी शेवाळावर, पण त्यांचं कोण ऐकतंय? सगळे माझी वाट बघायचे. मी कण्हलो की पडद्यावर टाळ्या, फुलं, अंगठे उमटायचे. शेवाळवाले पाहुणे शेवटी रागावून म्हणाले, “मी बोलू का त्यालाच बोलू देऊ?” सगळे म्हणाले, “त्याला.”

अध्यक्षसाहेबांचा गुडघा बरा झाला. एका सकाळी ते चौघांना घेऊन आमच्या खिडकीखाली उभे राहिले. हिरवे कपडे, गळ्यात दुर्बिणी. त्या दुर्बिणी नेमक्या शेजारणीच्या न्हाणीघराच्या दिशेने लागल्या होत्या.

शेजारीण गॅलरीत आली. “काय बघताय हो?”

“रातवा बघतोय.”

“मग सकाळी सकाळी कशाला आलात?”

अध्यक्षसाहेबांनी दुर्बीण पुसायला घेतली. ताई त्यांना वर या म्हणाल्या, आणि त्यांना आणायला खाली जाताना वीज वाचावी म्हणून मला बंद करून गेल्या. मंडळी माझ्याशेजारी बसून चहा प्याली. एकाने माझ्यावर टोपी टांगली.

इकडे माझी मान रोज थोडी जास्त अडकत होती. मान अडली की मोटर जोर लावते, जोर लावला की तापते, आणि तापता तापता एक दिवस जळते. मग पुढे भंगारच. बाटली हातभर अंतरावर. हात नाहीत.

मग ठरलं मोठं सत्र. गवताळ रानाचे पाहुणे पुन्हा येणार होते, फक्त माझ्यासाठी. सगळ्यांनी माईक बंद ठेवायचे, ताईंचा एकटा चालू, आणि सलग रेकॉर्डिंग करायचं. ताईंना घाम फुटला होता. त्यांनी पेनचं टोपण फिरवलं आणि मला शेवटच्या वेगावर ठेवलं.

मी कण्हलो. असा मी पूर्वी कधी कण्हलो नव्हतो. मान अर्ध्यात अडायची, थरथरायची, कशीबशी सुटायची.

“आज तर रंगलाय,” पाहुणे हलक्या आवाजात म्हणाले. “विणीचा हंगाम. जोडीदाराला बोलावतोय. केवढी आर्तता!”

अध्यक्षसाहेबांनी डोळे पुसले. पडद्यावर फुलांचा पाऊस पडला. मित्रांनो, मी जळत होतो आणि मला फुलं पडत होती. जोडीदार कसला, मी तेलाला बोलावत होतो!

तेवढ्यात दार उघडलं. यजमान नियम मोडून आत आले. “अगं, काहीतरी जळतंय! वास येत नाही का तुला?”

ताईंनी घाईघाईने आपला माईक बंद केला आणि हेडफोन काढले. मी चालूच होतो. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच, मी चालू आणि त्यांचे कान उघडे.

क्रीऽऽऽ-टुक्.

ताई वळल्या. खिडकीकडे नाही, माझ्याकडे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला तो नीट बघता आला नाही, कारण माझी मान डावीकडे चालली होती.

“हा?” त्या म्हणाल्या.

“हाच. कधीपासून बोंबलतोय मी.”

“मग तेल का नाही घातलंत?”

“तू म्हणालीस ना, खोलीत यायचं नाही! आणि मी म्हटलं, तुझं काहीतरी पक्ष्यांचं चालू असेल.”

ताईंनी पडद्याकडे बघितलं. खच्चून भरलेला पडदा. तेल घातलं तर रातवा मेला, आणि त्याच्यामागे मंडळ. नाही घातलं तर मी. त्यांचा हात पेनच्या टोपणावर होता. मला वाटलं, संपलं. मी साधा पंखा. लोक पक्ष्यासाठी येतात.

ताईंनी मला बंद केलं, खण ओढला, बाटली काढली आणि माझ्या मानेत दोन थेंब सोडले.

मित्रांनो, ते थेंब कसे होते ते मला सांगता येणार नाही. मी पंखा आहे, कवी नाही.

मग ताई हेडफोन न घालता पडद्यासमोर बसल्या आणि माईक चालू केला. “मंडळी, मला माफ करा. तो पक्षी नव्हता. तो माझा टेबलफॅन होता.”

मग अध्यक्षसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, आम्ही इतकी वर्षं पक्षी ऐकतोय. पंखा कळणार नाही होय आम्हाला?”

“थांबा, दाखवतेच.” ताईंनी कॅमेरा माझ्याकडे वळवला आणि मला चालू केलं.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कॅमेरा आला. एवढी माणसं मला बघत होती. मी उजवीकडे वळलो. डावीकडे वळलो. लोण्यासारखा. माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. मी जीव खाऊन प्रयत्न केला.

“चांगला पंखा आहे,” पाहुणे म्हणाले. “पक्षी मात्र उडाला. दार आपटल्याचा आवाज झाला ना मघाशी. ते कोण होते?”

“माझे यजमान,” ताई म्हणाल्या.

सगळ्यांनी यजमानांबद्दल नाराजी व्यक्त केली. रातव्याने स्थलांतर केलं असावं असं ठरलं, आणि तो परत येईपर्यंत कोणीही मंडळ सोडायचं नाही असंही ठरलं. ‘माझा फोन’नेसुद्धा हात वर केला.

“मग एक करा,” ताई म्हणाल्या. “पुढच्या शनिवारपासून थोडं काम कोणीतरी घ्या. मी दमले हो.”

आता मात्र सगळ्यांना कंठ फुटला. “छे छे, ताई! तुमच्यासारखं कोणाला जमणार!” “ताई म्हणजे मंडळाचा कणा!” टाळ्या, फुलं, अंगठे. आणि एकेक चेहरा विझत गेला.

ताई रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिल्या. मी त्यांच्यावर वारा घालत राहिलो. माझ्याजवळ तेवढंच आहे.

यजमानांनी दारातून विचारलं, “काय झालं गं?”

“कौतुक झालं,” ताई म्हणाल्या.

तो आवाज मी ओळखला. नुसता शेवटचा टुक् काय तो नव्हता.

यजमानांनीही ओळखला असावा, कारण ते आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “कुठलं बटण कशाचं ते दाखव मला. पुढच्या शनिवारी मी बसतो. पक्ष्यांतलं मला काही कळत नाही, पण ‘आवाज येतोय’ एवढं म्हणता येईल.”

ताई हसल्या. दोन थेंबांनी हसतात तेवढ्या.

माझं म्हणाल तर मंडळाच्या अंकात माझा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘रातव्याच्या अधिवासातील एक पंखा.’ पुढच्या उन्हाळ्यात रातव्याच्या स्वागताचं सत्र ठेवलंय म्हणे. तोवर माझं तेल पुन्हा सुकेल, म्हणजे तो येणारच.

मित्रांनो, तुमच्या घरात काहीतरी करकरत असेल. दार असेल, खुर्ची असेल, आई असेल. ते किती गोड करकरतंय म्हणून टाळ्या वाजवण्याआधी एकदा खण उघडून बघा. बाटली बहुतेक त्याच खोलीत असते.