पासवर्ड की संकेतशब्द

दैनिकाच्या तंत्रज्ञान पुरवणीची मुद्रितं ती नऊ वर्षं तपासत होती. एक लेखक 'ईमेल' लिहायचा, दुसरा 'इ-मेल', तिसरा एकाच परिच्छेदात दोन्ही. ती सगळ्यांना एका माळेत ओवायची. 'पासवर्ड' दिसला की खोडून 'संकेतशब्द' करायची. नियमावलीत तसंच होतं, आणि नियमावली तिनेच लिहिली होती.

त्या दुपारी ती डोळे चोळत बसली असताना आईचा फोन आला.

"अगं, तुमच्या पुरवणीत दिलंय तसं करतेय. 'संकेतशब्द बदला' यावर बोट ठेवा म्हणे. तासभर शोधतेय, तसलं काही नाहीच इथे."

"मग काय आहे?"

"पासवर्ड बदला. पण ते नाही दाबलं मी. भलतंच काही व्हायचं."

"तेच आहे ते, आई. दाब."

"मग तसंच लिहायचं ना! तुमच्याकडे तपासणारं कुणी नाही का?"

"आहे," ती म्हणाली. "दमलीय ती."

फोन ठेवून ती संपादकांकडे गेली. "पडद्यावर जो शब्द दिसतो, तोच आपण छापूया," तिने सांगितलं.

"म्हणजे नऊ वर्षांच्या मेहनतीवर पाणी?"

"माझीच मेहनत आहे, सर."

संपादकांनी मान डोलावली. तिने जागेवर येऊन नियमावली उघडली. तसले आणखी एकतीस शब्द निघाले. फोन शेजारी ठेवून ती एकेक शब्द पडद्याशी ताडून पाहू लागली.